दिवेलागणीनंतरचे शिक्षण



दरवर्षी निकाल लागले की आपल्या घराघरांतून एक संभाषण ऐकू येते. मुलीला चांगले गुण मिळालेले असतात, कॉलेजात प्रवेशही मिळण्यासारखा असतो. फीची तजवीज कर्ज काढून का होईना होते. मग घरातील कोणीतरी बुजुर्ग हळूच विचारतात, "सगळे खरे, पण ही परत किती वाजता येणार?" या एका प्रश्नावर अनेक मुलींचे शिक्षण अडले आहे. प्रयोगशाळेची वेळ संध्याकाळी सहापर्यंत असली, ग्रंथालय रात्री उघडे राहात असले, वसतिगृहात राहावे लागणार असले, तर पसंतीचा अभ्यासक्रम सोडून घराजवळचा, दुपारी सुटणारा कोणतातरी अभ्यासक्रम पत्करला जातो. मुलगी शिकते, पण जे शिकायचे होते ते शिकत नाही.

हा प्रश्न विचारणारे बुजुर्ग चुकीचे नाहीत. काळजी ही मायेतूनच येते. तथापि या काळजीला एक इतिहास आहे, आणि तो समजून घेतल्यास तिचे उत्तर कोणाकडे मागावे हे आपल्या ध्यानी येईल. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम आपल्या सानपाड्याकडेच पाहू. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे असा विचार मांडला. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील गावांची शेते व मिठागरे यांच्या जागी वसाहती उभ्या राहू लागल्या. खाडीपूल झाला, पण रेल्वे येण्यास मे १९९२ उजाडावा लागला. ९ मे १९९२ रोजी मानखुर्दहून वाशीपर्यंत लोकल धावू लागली. त्याआधी चारच दिवस, ५ मे रोजी, पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ स्त्रियांसाठीची 'लेडीज स्पेशल' सुरू झाली होती. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता, पण दोन्हींचा अर्थ एकच होता. शिकणारी व नोकरी करणारी मुलगी आता घरापासून दूर जाणार होती आणि दिवेलागणीनंतर परतणार होती. पुढे रेल्वेमार्ग वाढला, आणि वाशी व जुईनगर यांच्यामधल्या सानपाड्याहून कुर्ल्याला जाऊन विद्यापीठाच्या कालिना आवारात शिकणे शक्य झाले. २००४ पासून ठाण्याकडील मार्गही उघडला. प्रवास सोपा झाला, परंतु घराकडे परतण्याची वेळ मात्र काही अलीकडे आली नाही.

आता जरा मागे जाऊ. "पूर्वी बरे होते, मुली उजेडी घरी असत, म्हणून सुरक्षित असत," असे पुष्कळदा म्हटले जाते. इतिहासाचा दाखला याला अनुकूल नाही. १८४८ साली पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, त्या शाळेच्या वाटेवर सावित्रीबाईंच्या अंगावर शेण, माती फेकली जाई ती भर दिवसा. त्यांच्या सोबतीने काम करणाऱ्या फातिमा शेख यांच्या श्रमांचा उल्लेख सावित्रीबाईंच्या १८५६ सालच्या पत्रात आढळतो. त्याही त्याच रस्त्यांवरून जात-येत होत्या. त्यांना त्रास देणाऱ्यांनी अंधाराची वाट पाहिली नाही. या स्त्रियांना रस्त्यावर येण्याचा अधिकारच नाही, अशी त्यांची समजूत होती, आणि ती समजूत बाळगायला दिवस-रात्र लागत नाही.

विद्यापीठाच्या दारातही तोच अनुभव आला. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. १८७५ साली एका पारशी गृहस्थांनी आपल्या मुलीस मॅट्रिकच्या परीक्षेस बसता येईल काय, अशी विचारणा केली तेव्हा नकार मिळाला. स्त्रियांना परीक्षांची दारे उघडी झाली ती १८८३ मध्ये. त्यानंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून कॉर्नेलिया सोराबजी या विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर ठरल्या. वर्गात शिरताना सहाध्यायी तोंडावर दार लावून घेत, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. कॉलेजची इमारत होती, प्राध्यापक होते, दिवसाचा प्रकाश होता. तिला आत घेण्याची जबाबदारी संस्थेने उचललेली नव्हती, एवढीच उणीव होती.

ही उणीव ज्यांनी ओळखली त्यांनी वसतिगृहे काढली. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत 'शारदा सदन' काढले आणि मुलींच्या राहण्याची व शिकण्याची सोय एकाच छपराखाली केली. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम सुरू केला व १९०० मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्यास नेला. तेव्हा ती जागा निर्जन होती. कर्वे फर्ग्युसन कॉलेजातील शिकवणे आटोपून कित्येक मैल पायी चालत तेथे जात. मुलींनी अंधारात बाहेर पडू नये एवढे सांगून ते थांबले नाहीत. अंधारातील वाट त्यांनी स्वतः तुडवली. त्याच प्रयत्नांतून १९१६ साली महिला विद्यापीठ उभे राहिले. आपल्या समाजातही १८७४ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-इ-इस्लामची स्थापना केली होती, आणि तय्यबजींच्याच आप्तांपैकी अतिया फैजी १९०६ साली शिक्षिकेचे प्रशिक्षण घेण्यासाठी लंडनला गेल्या व तेथील विद्यार्थिनींसोबत राहिल्या. आपली दैनंदिनी त्यांनी पुढे उर्दूत प्रसिद्ध केली. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका मुस्लिम घराने मुलीस समुद्रापार पाठवले होते, हे आजच्या पालकांनी विसरू नये.

या प्रारंभीच्या वसतिगृहांना भिंती होत्या, फाटके होती, कडक नियम होते. त्यांना हसू नये. त्या भिंतींच्या भरवशावरच आई-बापांनी मुली पाठवल्या. पण पुढे एक सूक्ष्म बदल घडला. जी भिंत मुलीला शिक्षणापर्यंत आणण्यासाठी बांधली होती, तीच तिला शिक्षणापासून रोखू लागली. ग्रंथालय रात्री दहापर्यंत उघडे, पण मुलींच्या वसतिगृहाचे फाटक सातला बंद, अशी परिस्थिती देशभर अनेक ठिकाणी आली. मुलांच्या वसतिगृहास मात्र वेळेचे बंधन नाही. कायद्यानेही हेच धोरण ठेवले होते. १९४८ च्या कारखाने कायद्यात स्त्रियांना सायंकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत कामावर ठेवू नये असे कलम होते. हेतू संरक्षणाचाच होता. पण परिणाम असा झाला, की रात्र सुरक्षित करण्याऐवजी रात्रीतून स्त्रीलाच वजा करण्यात आले. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिशा बदलली. रात्री साडेनऊनंतर स्त्रीला तिच्या संमतीने काम करता येईल, मात्र तिच्या संरक्षणाची पुरेशी व्यवस्था मालकाने केली पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. बंधन आता तिच्यावर नसून मालकावर आहे, हा फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

हा बदल आपोआप झाला नाही. त्यामागे महाराष्ट्रातीलच एक वेदनादायक प्रकरण आहे. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे एका गरीब आदिवासी मुलीवर रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यातच अत्याचार झाला. हा खटला 'मथुरा खटला' म्हणून ओळखला जातो. सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. तेव्हा १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून देशभर चळवळ उभी राहिली व १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. चार शिक्षकांच्या एका पत्राने कायदा हलला. शिक्षणाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे उदाहरण ध्यानी घ्यावे.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये लीड्स शहर व त्याच्या आसपास स्त्रियांचे खून होत होते. पोलिसांनी सल्ला दिला की स्त्रियांनी रात्री बाहेर पडू नये. नोव्हेंबर १९७७ मध्ये तेथील स्त्रिया मशाली घेऊन रात्री रस्त्यावर आल्या. गुन्हा पुरुषाने करावा आणि संचारबंदी आम्हावर का, असा त्यांचा सवाल होता. १९८० मध्ये लीड्स विद्यापीठाची एक विद्यार्थिनी बसमधून उतरून आपल्या निवासाकडे चालत जात असता मारली गेली. सल्ल्याने तिचे रक्षण झाले नाही. बसथांबा ते खोली एवढी वाट राखण्याची व्यवस्था हवी होती.

आता कोणी म्हणेल, मग फाटक लवकर लावून सगळ्यांना आत ठेवणे हेच बरे. येथे इतिहास आपणास सावध करतो. १९८६ साली अमेरिकेच्या लीहाय विद्यापीठात जीन क्लेरी या विद्यार्थिनीचा वसतिगृहातील तिच्याच खोलीत खून झाला. आपोआप बंद होणारी तीन दारे कोणीतरी खोकी लावून उघडी ठेवली होती, आणि खून करणारा बाहेरचा नव्हता, त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता. तिच्या आई-वडिलांनी पाठपुरावा केला आणि १९९० साली असा कायदा झाला, की प्रत्येक विद्यापीठाने आपल्या आवारातील गुन्ह्यांची आकडेवारी दरवर्षी जाहीर केली पाहिजे. संस्थेची अब्रू झाकण्यापेक्षा पालकांना माहिती मिळणे महत्त्वाचे, हे तत्त्व तेव्हा मान्य झाले.

आपल्या मुंबईतही असेच घडले. ६ जून २०२३ रोजी चर्नी रोडजवळच्या शासकीय महिला वसतिगृहात विदर्भातून शिकण्यास आलेली अठरा वर्षांची विद्यार्थिनी आपल्या खोलीत मृतावस्थेत सापडली. ज्याच्यावर संशय होता तो वसतिगृहातच काम करणारा इसम होता. त्याचाही मृतदेह त्याच दिवशी रेल्वेरुळावर मिळाला. त्या वसतिगृहाला नाव होते सावित्रीबाई फुले यांचे. मुलगी बाहेर भटकत नव्हती, उशिरा परतत नव्हती. ती फाटकाच्या आत होती. त्याआधी २००५ साली मरीन ड्राइव्हवरील पोलीस चौकीत एका कॉलेज विद्यार्थिनीवर पोलीस शिपायानेच अत्याचार केला, तो तर भर दिवसा. आणि ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात रात्रपाळीवर असलेल्या पदव्युत्तर विद्यार्थिनी डॉक्टरचा बळी गेला, तो रुग्णालयाच्या सभाकक्षात. दोषी ठरलेला मनुष्य पोलिसांचा स्वयंसेवक होता व त्याला तेथे सहज प्रवेश होता.

या घटनांतून एकच गोष्ट निष्पन्न होते. घड्याळाकडे पाहून सुरक्षिततेचा हिशेब करता येत नाही. आत कोणाला येऊ दिले, त्याची चौकशी झाली काय, तक्रार आली तेव्हा कोणी ऐकली काय, जिन्यावर दिवा होता काय, या गोष्टींनी तो हिशेब होतो. कोलकात्याच्या घटनेनंतर तेथील राज्य शासनाने स्त्री-डॉक्टरांना शक्यतो रात्रपाळी देऊ नये अशी भूमिका घेतली, तेव्हा सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली नाही. स्त्रियांना सवलत नको आहे, त्यांना सुरक्षितता द्या आणि ती देणे शासनाचे कर्तव्य आहे, असा त्या म्हणण्याचा आशय होता.

कायदा येथवर कसा आला हेही थोडक्यात सांगतो. १९९७ मध्ये विशाखा निकालाने कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाबाबत मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समितीचा अहवाल आला, २०१३ मध्ये नवा कायदा झाला, आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कृतिदलाने शिक्षणसंस्थांतील सुरक्षिततेविषयी 'सक्षम' हा अहवाल दिला. त्यावर आधारलेले विनियम मे २०१६ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध झाले. पालकांनी त्यातील तीन गोष्टी पाठ कराव्यात. पहिली, प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे, तिची अध्यक्ष वरिष्ठ स्त्री असली पाहिजे, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर विद्यार्थी-प्रतिनिधीही तीत असले पाहिजेत. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करावी व चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हावी. दुसरी, ग्रंथालयात व प्रयोगशाळेत उशिरापर्यंत काम करता यावे यासाठी भरवशाच्या वाहतुकीचा विचार संस्थेने करावा. तिसरी, सुरक्षिततेचे कारण पुढे करून मुलींच्या वसतिगृहास मुलांपेक्षा वेगळे, जाचक नियम लावू नयेत.

तिसरी गोष्ट वाचून काही पालक चमकतील. त्यांनी दोन उदाहरणे पाहावीत. २०१५ साली दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियात मुलींना वसतिगृहात उशिरा परतण्याची असलेली सवलत रद्द झाली. मुलींनी तक्रार केली, दिल्ली महिला आयोगाने विद्यापीठाकडे खुलासा मागितला, आणि त्यातून निघालेली विद्यार्थिनींची चळवळ इतर विद्यापीठांत पसरली. २०१९ मध्ये केरळातील एका वसतिगृहाने सायंकाळी सहा ते रात्री दहा या वेळेत मुलींना मोबाईल वापरण्यास बंदी केली. एका मुस्लिम विद्यार्थिनीने नियम मानला नाही म्हणून तिला वसतिगृहातून काढण्यात आले. ती उच्च न्यायालयात गेली. अभ्यासाच्या ऐन वेळी माहितीचे साधन काढून घेणे म्हणजे शिक्षणाच्या हक्कालाच बाधा आणणे होय, असे ठरवून न्यायालयाने तिला परत घेण्यास सांगितले. तिला मोकाट फिरायचे नव्हते. तिला अभ्यास करायचा होता.

मुलांच्या पालकांनीही येथे कान द्यावा. "मुलगा आहे, त्याला काय होते" या भरवशावर आपण मुलाची चौकशीही करीत नाही. पण रॅगिंगचा छळ बहुधा वसतिगृहात व रात्रीच होतो, आणि त्यात मुलांचेही बळी गेले आहेत. महाराष्ट्राने १९९९ मध्येच रॅगिंगविरोधी कायदा केला. २००९ मध्ये हिमाचल प्रदेशात एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर आयोगाने देशभरासाठी विनियम काढले. १८००-१८०-५५२२ हा त्यासाठीचा फोन क्रमांक मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्यावा. आणि मुलगा रॅगिंग करणारा तर नाही ना, हेही विचारावे. मुलीला "लवकर ये" म्हणणाऱ्या घराने मुलाला "कोणाच्या वाटेत उभा राहू नकोस" असे किती वेळा सांगितले, याचा जमाखर्च ज्याने त्याने मांडावा.

तर मग आपण करावे काय? प्रवेशाच्या वेळी फीची पावती घेण्याअगोदर कार्यालयात चार प्रश्न विचारावेत. तक्रार समितीवर कोण आहे आणि त्यांची नावे फलकावर कोठे लावली आहेत? वसतिगृहात काम करणाऱ्या माणसांची पोलीस पडताळणी झाली आहे काय, आणि मुलींच्या मजल्यावर कोणाला जाता येते? शेवटचा तास सुटल्यावर आवाराच्या फाटकापर्यंत दिवे व पहारेकरी असतात काय? रात्री दुखणे वा संकट आल्यास वसतिगृहात जबाबदार स्त्री-अधिकारी प्रत्यक्ष हजर असते काय? उत्तर मिळाले नाही तर मुलीला घरी बसवू नका. दहा पालक मिळून पुन्हा विचारा. एका बापाची चौकशी कारकून टाळू शकतो, दहांची टाळणे सोपे नाही. घराकडच्या वाटेचाही असाच विचार करावा. स्थानक ते सोसायटी या रस्त्यावरचा दिवा गेला असेल तर नवी मुंबई महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयात लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. मोहल्ल्यातील चार मुली एकाच गाडीने येत असतील तर त्यांची एकमेकींशी ओळख करून द्यावी. रात्रीच्या लोकलमध्ये ज्या महिला डब्यात पोलीस असेल तो निवडावा. ११२ हा क्रमांक कोणत्याही संकटात लागतो हे घरातील लहानथोरांस माहीत असावे.

आणि विद्यार्थिनींनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. काही घडले तर घरी सांगा. पुष्कळ मुली सांगत नाहीत, कारण सांगितले की कॉलेज बंद होईल अशी त्यांना भीती असते. पालकहो, या भीतीला कारण आपण आहोत. "तू सांगितलेस म्हणून तुझे शिक्षण थांबणार नाही," हे वाक्य मुलीस प्रवेशाच्या दिवशीच सांगून टाकावे. मनात दडपून ठेवलेल्या तक्रारीचा फायदा नेहमी अपराध्यालाच मिळतो.

दीडशे वर्षांपूर्वी दार उघडावे म्हणून झगडा होता. ते उघडले. आता दाराबाहेरच्या वाटेवर दिवा लावण्याचे काम उरले आहे, आणि ते शासन, संस्था व समाज या तिघांचे आहे. बुजुर्गांचा प्रश्न, "ही परत किती वाजता येणार?" हा जरूर विचारावा. फक्त तो मुलीला एकटीला विचारू नये. तो कॉलेजला विचारावा, महापालिकेला विचारावा, रेल्वेला विचारावा, आणि उत्तर मिळेपर्यंत मुलीचा प्रवेश-अर्ज मागे घेऊ नये.